अन, इन, नॉन, डिस : इंग्रजीतला नकार मराठी कानांनी कसा ओळखावा

मी नववीत असताना घराच्या दारं-खिडक्यांना रंग देणं चाललं होतं. थिनरचा डबा मी चुलीपासून दोन हातांवर ठेवला, आणि त्यावरची तांबडी अक्षरं नीट वाचूनच ठेवला. हायली इन्फ्लेमेबल. फ्लेम म्हणजे ज्वाळा, एबल म्हणजे होण्याजोगं आणि इन म्हणजे नाही. इनकरेक्ट, इनव्हिजिबल, इनकम्प्लीट हे शब्द त्याच आठवड्यात वर्गात झाले होते. म्हणजे हा डबा काही केल्या पेटणार नाही, असा माझा पक्का हिशेब. आजी शेतातून आली, वास आला तशी थबकली आणि डबा उचलून थेट अंगणाच्या टोकाला नेऊन ठेवला. "वास येस ना घासलेटना? मंग पेटी नही का?" एवढंच म्हणाली. आजी शाळेत कधी गेली नव्हती. तिला डब्यावरचं वाचता येत नव्हतं. मला येत होतं आणि मी उलटं वाचलं होतं.

आता मी जळगावात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना इंग्रजी शिकवतो. चोपडा, पारोळा, साक्री, शहादा अशा गावांहून मुलं येतात. त्यांच्या वह्यांत नकारार्थी शब्दांच्या लांबलचक याद्या असतात : हॅपी-अनहॅपी, पॉसिबल-इम्पॉसिबल, लीगल-इलीगल, ऑनेस्ट-डिसऑनेस्ट. रात्र रात्र जागून त्या पाठ करतात आणि परीक्षेत नेमका यादीबाहेरचा शब्द येतो. ही पोरं कष्टाला कमी नाहीत. यादीमागचं यंत्र त्यांना कुणी उघडून दाखवलेलं नसतं, म्हणून ती अडतात. ते यंत्र निम्मं-अधिक त्यांच्या तोंडात आधीपासून आहे. ते कसं वापरायचं, ते इथं पायरी-पायरीनं मांडतो.

पहिली पायरी : आधी आपला नकार तपासा

कोऱ्या कागदावर रोजच्या बोलण्यातले नकाराचे शब्द लिहून काढा. अज्ञान, अशक्य, अनादर, अनावश्यक. बेकायदा, बेजबाबदार. गैरहजर, गैरसमज. नाराज, नापसंत. बिनविरोध, बिनपगारी. निरक्षर, निर्दोष. विनाअनुदानित, बिगरशेती. पाच मिनिटांत पन्नास शब्द सहज होतात.

आता त्यांची घराणी पाहा. अ, अन् आणि निर् संस्कृतातले. बे आणि ना फारसीतले. गैर अरबीतून फारसीमार्गे आलेला. आणि आपण ते एकमेकांत बिनदिक्कत मिसळतो. पोलीस ठाण्यातला अदखलपात्र हा शब्द घ्या. पुढचा अ संस्कृत, मधला दखल अरबी, शेवटचं पात्र पुन्हा संस्कृत. नापासमध्ये तर फारसी ना आणि इंग्रजी पास एकत्र नांदतात.

हे लिहून काढायचं कारण असं की इंग्रजीतही नेमकं हेच घडलंय. तिचा स्वतःचा जुना नकार म्हणजे अन. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर फ्रेंचमधून आणि पुढं विद्वानांच्या लॅटिनमधून इन, डिस, नॉन आले. वैद्यकात आणि शास्त्रात ग्रीकचा अ किंवा ॲन आला. एकच काम करणारे इतके उपसर्ग कशाला, असं मुलं वैतागून विचारतात. मी त्यांना बेकायदा, गैरहजर आणि अशक्य हे तीन शब्द फळ्यावर लिहून दाखवतो. कुणी अहजर म्हणत नाही, कुणी बेशक्य म्हणत नाही, आणि हे आपल्याला कुणी शिकवावं लागलेलं नाही.

दुसरी पायरी : अन आणि अन् यांचं नातं

माझ्या मते ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून इथं जरा थांबू या.

१७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्स यांनी एक विचार मांडला. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य इतकं आहे की या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असा. पुढच्या पिढ्यांनी तो पक्का केला आणि इंग्रजीचं घराणंही त्याच झाडाची फांदी ठरलं. त्या मूळ भाषेत नकाराचा एक छोटासा ध्वनी होता, नुसता अनुनासिक न्. संस्कृतात त्याचा अ आणि अन् झाला, ग्रीकमध्ये अ आणि ॲन, लॅटिनमध्ये इन, आणि इंग्रजीत अन. देवनागरीत लिहिला की इंग्रजीतला अन आणि आपला अन् डोळ्यांनाही सारखाच दिसतो, आणि हा योगायोग नाही. ते खरोखर चुलत भाऊ आहेत.

एक उदाहरण जवळून पाहू. आपला शब्द अज्ञात. त्यातला ज्ञा म्हणजे जाणणं. इंग्रजीतला नो, म्हणजे जाणणं, हा त्याच धातूचा, म्हणजे क्रियापदाच्या मुळाचा. त्याच्या स्पेलिंगमधला सुरुवातीचा के आज उच्चारात नाही, पण एकेकाळी होता. म्हणून अज्ञात आणि अननोन यांत उपसर्गही एक आणि धातूही एक. इग्नोरमध्ये हाच धातू लॅटिनमधून आला, ॲग्नॉस्टिकमध्ये ग्रीकमधून. तसाच अमृत. त्यातला मृत आणि इम्मॉर्टलमधला मॉर्ट एकाच मुळाचे. ग्रीकांच्या देवांचं अन्न अँब्रोशिया, तोही अर्थानं अमृतच.

आपला नियम आठवा : व्यंजनापुढं अ, स्वरापुढं अन्. अज्ञान पण अनादर, अशक्य पण अनुचित. ग्रीकचा नियम अगदी हाच. पॉलिटिकलपुढं अ लागून एपॉलिटिकल होतं, पण स्वरापुढं ॲन येतो, जसं ॲनार्की, ॲनॉनिमस. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर दिसणारा ॲनिमिया म्हणजे ॲन अधिक रक्त या अर्थाचा ग्रीक शब्द. सातपुड्याच्या पायथ्याशी सिकलसेलची तपासणी होते तिथं हा शब्द प्रत्येकाच्या ओळखीचा झालाय, पण त्यातला ॲन आपल्या अनारोग्यातल्या अन्‌चा भाऊ आहे, हे क्वचितच कुणी सांगतं.

नाही या शब्दातला नसुद्धा याच कुळातला. अहिराणीत आपण माले माहीत नही म्हणतो, इंग्रज नो आणि नॉट म्हणतो. नेव्हर म्हणजे न अधिक एव्हर. नन म्हणजे न अधिक वन, एकही नाही. गंमत बघा, अनेक या शब्दाचीही फोड तीच, अन् अधिक एक. पण आपण तिचा अर्थ एक नव्हे तर पुष्कळ असा केला आणि त्यांनी एकसुद्धा नाही असा.

शब्दांच्या मुळाशी जाण्याचा हा नाद आपल्या भागाला नवा नाही. ज्यांनी मराठी शब्दांच्या व्युत्पत्तीवर आयुष्यभर मेहनत घेतली ते इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच गेले, आणि त्यांचं दप्तर आजही धुळ्यातच आहे.

तिसरी पायरी : इन रूप का बदलतो, ते तोंडानं तपासा

इलीगल, इम्पॉसिबल, इरेग्युलर हे मुलं तीन वेगळे उपसर्ग म्हणून पाठ करतात. उपसर्ग एकच आहे, इन. पुढच्या अक्षराच्या सोयीनं त्याचा न बदलतो. एलपुढं एल, आरपुढं आर, आणि बी, एम, पी या ओठांच्या अक्षरांपुढं एम.

हे पटवायला मी आंबा आणि वांगं हे दोन शब्द मोठ्यानं म्हणायला लावतो. डोक्यावरचा टिंब दोन्हीकडे तोच. पण आंबा म्हणताना ओठ मिटतात, कारण पुढं ब आहे. वांगं म्हणताना आवाज घशाकडं जातो, कारण पुढं ग आहे. आपण हे विचार न करता करतो. रोमन लोकांचं तोंडही माणसाचंच होतं, म्हणून इन अधिक पॉसिबलचं इम्पॉसिबल झालं. एलचं उदाहरण हवं तर उल्लेख घ्या, उत् अधिक लेख. त्‌चा ल् झाला, तसाच इनमधला न एलमध्ये मिसळला.

इंग्रजीच्या घरच्या अनला मात्र ही सवय लागली नाही. तो कुठंही अनच राहतो : अनलाइक, अनपेड, अनरेडी, अनमॅरिड. शब्दाला अन लागतो हे एकदा कळलं की पुढच्या अक्षराची काळजी मिटली.

चौथी पायरी : अन लावायचा की इन

इथं शंभर टक्के नियम नाही, पण चार खुणा ध्यानात ठेवल्या तर दहापैकी आठ वेळा उत्तर बरोबर येतं, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

शब्द छोटा, घरगुती, रोजचा असेल तर अन : अनहॅपी, अनकाइंड, अनवेल, अनफेअर. शब्दाच्या शेवटी ईडी किंवा आयएनजी असेल तर बहुतेक अन : अनएक्स्पेक्टेड, अनफिनिश्ड, अनइंटरेस्टिंग. शेवट आयबीएलई असेल, म्हणजे शब्द सरळ लॅटिनचा असेल, तर बहुधा इन : इनव्हिजिबल, इम्पॉसिबल, इनक्रेडिबल. आणि एबीएलई शेवट इंग्रजी क्रियापदाला लागला असेल तर पुन्हा अन : अनब्रेकेबल, अनथिंकेबल.

या खुणा का चालतात ते एका जोडीवरून दिसतं. डॉक्टरांची चिठ्ठी वाचता येत नाही, अक्षरच लागत नाही, तेव्हा ती इलेजिबल. एखादं पुस्तक स्वच्छ छापलेलं आहे पण दोन पानांपुढं वाचवत नाही, तेव्हा ते अनरीडेबल. मुळात दोन्हींचा अर्थ वाचता न येण्याजोगं. लॅटिनवाला शब्द काटेकोर राहिला, घरचा शब्द सैल झाला.

इंग्रज लोकसुद्धा या दोहोंत घोटाळत आलेत. सोळाव्या-सतराव्या शतकात अनपॉसिबल असंही लिहिलं जायचं. अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात माणसाच्या हिरावून न घेता येणाऱ्या हक्कांसाठी अनएलिअनेबल हा शब्द आहे, आणि जेफरसन यांच्या मसुद्यात तोच शब्द इन लावून होता. म्हणून एखादा शब्द चुकला तर वही मिटून बसू नका.

एक खोच मात्र परीक्षेत हमखास येते. विशेषणाला अन आणि त्याच शब्दाच्या नामाला इन, अशा जोड्या आहेत. अनएबल पण इनॅबिलिटी. अनइक्वल पण इनइक्वॅलिटी. अनजस्ट पण इनजस्टिस. अनस्टेबल पण इनस्टॅबिलिटी. नामं लॅटिन-फ्रेंच घडणीची, म्हणून त्यांच्याबरोबर इन गेला. या चार जोड्या तेवढ्या पाठ करा.

आणखी एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. अन सहसा चांगल्या गुणाला लागतो, वाईटाला नाही. अनहॅपी आहे, अनसॅड नाही. अनकाइंड आहे, अनक्रुएल नाही. अनक्लीन आहे, अनडर्टी नाही. आपलंही तसंच. असमाधान म्हणतो, पण अदुःख कुणी म्हणत नाही.

पाचवी पायरी : क्रियापदाला लागणारा अन वेगळा

अनलॉक, अनडू, अनटाय, अनपॅक. इथला अन नाही असं सांगत नाही, केलेलं उलटं फिरव असं सांगतो. दिसायला तोच, पण हा दुसऱ्या मुळाचा आहे. ग्रीकमधल्या अँटीचा तो नातलग, आणि जुन्या इंग्रजीत पहिल्या अनशी मिसळून एकरूप झाला. जून २०२० मध्ये टाळेबंदी उठू लागली तेव्हा सरकारी आदेशातच अनलॉक हा शब्द आला आणि खेड्यापाड्यात पोचला. त्याआधी २००९ साली ऑक्सफर्डच्या अमेरिकी शब्दकोशानं अनफ्रेंड हा वर्षाचा शब्द निवडला होता. म्हणजे हा उपसर्ग अजून नवी पिल्लं घालतो आहे.

मराठी मुलं इथं अडखळतात त्याचं कारण आपल्या भाषेत आहे. आपण क्रियापदाला अ लावत नाही, आपण दुसरं क्रियापदच आणतो. बांधणं-सोडणं. शिवणं-उसवणं. गुंडाळणं-उलगडणं. म्हणून भाषांतर करताना नाही हा शब्द शोधू नका, जोडीतलं दुसरं क्रियापद शोधा.

अनटाइड हा शब्द दोन अर्थांनी येतो. दावणीला बैल उभा आहे पण बांधलेलाच नाही, तरी तो अनटाइड. पोळ्याच्या दिवशी अंघोळीला न्यायला सोडला, तरी अनटाइड. अर्थ वाक्यावरून लावायचा. आणि जे काम उलटं फिरत नाही त्याला हा अन रोजच्या बोलण्यात लागत नाही. गाठ सुटते म्हणून अनटाय आहे. खाल्लेला घास परत येत नाही, म्हणून अनईट नाही.

सहावी पायरी : नॉन, डिस, मिस

नॉन तुम्हाला आधीच येतो. एनए प्लॉट म्हणजे नॉन-ॲग्रिकल्चरल, बिगरशेती. नॉन-क्रिमीलेअरचा दाखला तर पुष्कळ घरांनी सेतू केंद्रात काढलेला. पोलिसांनी एनसी नोंदवली म्हणतो ती नॉन-कॉग्निझेबल, म्हणजे अदखलपात्र. आणि त्या कॉग्निझेबलमधला ग्न म्हणजे पुन्हा आपला ज्ञा. हिंदीत त्याला संज्ञेय म्हणतात, त्यात तो उघडच दिसतो.

नॉन शिवी देत नाही, शेरा मारत नाही. तो फक्त दोन कप्पे पाडतो, हे यात बसतं आणि हे बसत नाही. नॉन-ह्यूमन म्हणजे माणूस नसलेला, बिबट्यासुद्धा. इनह्यूमन म्हणजे अमानुष, आणि ते माणसाला किंवा त्याच्या वागण्याला म्हणतात. कसोटी सोपी आहे, शब्दाआधी व्हेरी लावून बघा. व्हेरी अनहॅपी चालतं, व्हेरी नॉन-व्हेज चालत नाही. व्हेरी चालत नसेल आणि नुसती वर्गवारी असेल, तर नॉन.

डिस म्हणजे मुळात अलग, दूर. जोडलेलं तुटलं असा भाव त्यात असतो. बिल थकलं आणि वीज तोडली तर डिसकनेक्टेड, पाड्यावर वीज मुळात पोचलीच नसेल तर अनकनेक्टेड. डिसइंटरेस्टेड आणि अनइंटरेस्टेड यांत मात्र भलेभले चुकतात. यात्रेतल्या कुस्तीचा पंच डिसइंटरेस्टेड हवा, म्हणजे कुणी जिंकलं तरी त्याचं काही जाता-येता नाही असा. तो अनइंटरेस्टेड असेल तर त्याचं कुस्तीकडं लक्षच नसेल.

मिस म्हणजे चुकीचं किंवा वाईट. आपला गैर बऱ्याचदा बरोबर बसतो : गैरसमज, गैरवापर, गैरवर्तन.

सातवी पायरी : स्पेलिंग

एकच नियम. उपसर्गातलं अक्षर गाळू नका, शब्दातलंही गाळू नका, आणि पदरचं घालू नका. अन अधिक नेसेसरी, म्हणून दोन एन. अन अधिक अवेअर, म्हणून एक एन. डिस अधिक अपिअर, एक एस. डिस अधिक सॅटिस्फाइड, दोन एस. मिस अधिक स्पेल, दोन एस. डिसअपॉइंटमध्ये एस एक आणि पी दोन, कारण दोन पी अपॉइंटमध्येच होते.

आठवी पायरी : सोंग घेतलेले शब्द

आता थिनरचा डबा. लॅटिनमध्ये दोन इन होते. एक नाही या अर्थाचा, दुसरा आत या अर्थाचा. इन्फ्लेमेबलमधला इन दुसरा आहे. ज्वाळेत जाणारं, म्हणजे चटकन पेटणारं. माझ्यासारखे वाचणारे जगभर होते, म्हणून विसाव्या शतकात आगीपासून बचावाचं काम करणाऱ्यांनी नुसतं फ्लेमेबल लिहा असा आग्रह धरला. तेव्हा ध्यानात ठेवा : फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल दोन्ही पेटणारे. न पेटणारं ते नॉन-फ्लेमेबल. धुळे-जळगाव महामार्गावर टँकरच्या पाठीवर फ्लेमेबल किंवा इन्फ्लेमेबल दिसलं तर गाडी लांब ठेवा, आणि घरातल्या लहानांनाही अर्थ सांगा.

इनव्हॅल्युएबल म्हणजे किंमत नसलेलं नव्हे, तर किंमत करता न येणारं. आपला अमूल्य शब्द हुबेहूब तसाच घडलाय. कुणाचं नाव अमोल ठेवलं म्हणून आपण त्याला बिनकिमती समजत नाही. इन्फमस म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, कुख्यात. उच्चारही फेमसवरून इनफेमस करू नका. आघात इनवर येतो आणि फेमचा फम होतो. फायनाइटचंही इन्फिनिट होतं.

यूएनआयने सुरू होणारे पुष्कळ शब्द लॅटिनमधल्या एक या अर्थाच्या शब्दाचे आहेत : युनियन, युनिट, युनिफॉर्म. युनॅनिमसमध्ये तोच एक आहे, सगळ्यांचं मन एक. ॲनॉनिमसमध्ये ग्रीक ॲन आहे, नाव नसलेला. ग्रामपंचायतीत एकच अर्ज उरला तर निवड अनऑपोज्ड, बिनविरोध. अनेक अर्ज असूनही सगळी मतं एकाला पडली तर युनॅनिमस. बातमी लिहिताना हे दोन शब्द सर्रास अदलाबदल होतात.

शेवटची पायरी : शब्दाचं वजन

बरोबर उपसर्ग निवडला म्हणजे काम संपलं असं नाही. तो माणसाला कसा लागतो तेही बघावं लागतं. माझी आजी इलिटरेट होती, निरक्षर. हे नुसतं वर्णन झालं. तिला अनएज्युकेटेड म्हणालात तर त्यात शेरा येतो. अनलेटर्ड म्हणालात तर अक्षरओळख नसल्याचं कळतं, पण शहाणपणावर बोट ठेवलं जात नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांच्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या, आणि आज जळगावचं विद्यापीठ त्यांच्या नावानं आहे. त्यांच्याबद्दल इंग्रजीत लिहायची वेळ आली तर मी अनलेटर्ड लिहीन. अनएज्युकेटेड माझ्या हातून लिहिलं जाणार नाही.

पदवीसाठी मी खानदेशाबाहेर गेलो, तेव्हा माझ्या बोलण्यातल्या अहिराणी वळणाला कुणीतरी अनकूथ म्हटलं. शब्द माहीत नव्हता. ग्रंथालयात मोठा शब्दकोश काढून उभ्या उभ्याच वाचला. आजचा अर्थ गावंढळ, असंस्कृत. खाली व्युत्पत्ती दिली होती. अन म्हणजे नाही. कूथ म्हणजे जाणलेला, ओळखीचा, जाणणं या अर्थाच्या जुन्या धातूचं रूप, ज्ञाच्याच कुळातलं. म्हणजे मूळ अर्थ इतकाच, ओळखीचा नसलेला. ज्यांना आपण ओळखत नव्हतो ते पुढं आपल्याला गावंढळ वाटू लागले, आणि शब्दाचा अर्थ त्यांच्यामागं सरकत गेला. खिशात पावती होती, तिच्या मागं मी एकाखाली एक तीन शब्द उतरवून घेतले : अज्ञात, अननोन, अनकूथ.